पिवळ्या दिव्याची कैफियत

वर्सोव्याच्या यारी रोडवरील एका आतल्या गल्लीत, जिथे समुद्राची खारी हवा उघड्या लोखंडाला एक पावसाळाही धड काढू देत नाही, तिथल्या छोट्या गॅरेजात मोटारीच्या ‘चेक इंजिन’ दिव्याचा तपास कसा चालतो, हे मी स्वतःच्याच गाडीच्या निमित्ताने पाहिले. गाडी विनातक्रार धावत होती आणि पीयूसीचा दाखलाही ताजा होता. परंतु त्या दाखल्यात उभ्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के व हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत असल्याची, म्हणजे त्या दोन घटकांची, नोंद असते, तर हा दिवा ज्या यंत्रणेच्या हुकमात असतो ती धावत्या गाडीचीच झडती घेते.

“लुकलुकतो की एकसारखा पेटतो, साहेब?” हा मिस्त्रींचा पहिला प्रश्न. लुकलुकणे म्हणजे न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये शिरून तो अतितप्त होण्याचे भय. तेव्हा गाडी पुढे रेटू नये. एकसारखा पेटतो म्हटल्यावर त्यांनी चहा मागवला.

स्कॅनरवर ‘पी ०४२०’ उमटले: कन्व्हर्टर अकार्यक्षम. ज्याच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा लेप असतो असा हा महागडा भाग बदलण्याचा सल्ला मला अन्यत्र तत्काळ मिळाला होता. मिस्त्री मात्र दोन ऑक्सिजन सेन्सरांचे आलेख पाहत बसले. पुढच्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ यांमध्ये सारखा हेलकावत असावा आणि कन्व्हर्टर शाबूत असेल तर मागच्याचा जवळजवळ स्थिर राहावा, असा दंडक. येथे मागचा मधूनच कोसळत होता, जणू कुणी बाहेरची हवा आत सोडत असावे. नेमके तेच घडत होते. थंड इंजिन सुरू करून त्यांनी सायलेन्सरच्या सांध्यावर साबणाचे पाणी शिंपडले, तेव्हा गंजलेल्या फ्लँजपाशी बुडबुडे उठले आणि लगतच काजळीची रेघ सापडली.

पॅकिंग बदलले, थोडे वेल्डिंग झाले. कोड उडवावयास मात्र ते राजी होईनात. कोडाबरोबर यंत्रणेने केलेल्या स्वतःच्या तपासण्यांचे दप्तरही कोरे होते, आणि दोष खरोखर गेला असेल तर लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपणच विझतो. “पहाटे हायवेला एका वेगात चालवा,” एवढे सांगून, दिवा पेटलेला असतानाच, त्यांनी मजुरी मागितली; मला ती रास्त वाटली.