भोगीची भाजी आणि मुळा-कोबीचे कुळ

मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, घरोघरी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि मिश्र भाजी यांचा नैवेद्य होतो. घेवडा, गाजर, वांगे, सोलाणे, बोरे. त्या ऋतूत शिवारात जे पिकते ते त्या भाजीत पडते. शिवारात पाणीच नसेल तर मात्र भोगी बाजारातून विकत आणावी लागते.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारने हे दैन्य भोगले आहे. पर्जन्यछायेतले गाव, पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटर. १९८९च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी अंगीकारली. डोंगरउतारावर चर खणले. शेतीसाठी कूपनलिका नको, ऊस व केळी नकोत, हा निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतला. पडलेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून मगच पिके ठरू लागली आणि कांद्याबरोबर भाजीपाला शिवारात आला. २०२० साली श्री. पवारांना पद्मश्री जाहीर झाली. आमच्या मते असा ताळेबंद हेही एक व्रतच होय, आणि उपवासापेक्षा अंमळ कठीण.

थंडीत येणाऱ्या भाज्यांत एक कुळ विशेष गुणी आहे. मुळा, मोहरी, कोबी, फुलकोबी, नवलकोल ही त्यातली भावंडे. फुलाला समोरासमोर चार पाकळ्या, ही त्यांची ओळख. मूलक आणि सर्षप आपल्या ग्रंथांना प्राचीन काळापासून परिचित आहेत. कोबी हे नाव मात्र पोर्तुगीजांकडून आले, आणि फुलकोबीचे बी १८२२ साली सहारणपूरच्या कंपनी बागेत आले. म्हणून कित्येक सोवळ्या घरांत ती नैवेद्याला चालत नाही. तो ज्याच्या त्याच्या कुळाचाराचा प्रश्न. परंतु परकी म्हणूनच नाकारायची, तर बटाटाही समुद्रापलीकडचा, आणि तो आपल्या एकादशीलाही चालतो!

मुळ्याविषयी चरकसंहितेचा विवेक पाहण्याजोगा आहे. कोवळा मुळा दोषहारक, जून झालेला तिन्ही दोष वाढवणारा, आणि तोच स्नेहात शिजवला तर वातशामक. धर्मशास्त्राने माघ मासात मुळा वर्ज्य सांगितला, तो याच अनुभवातून असावा असे आम्हांस वाटते. तोवर मुळा जून होऊन त्याला जाळी पडू लागते. मुळ्यावर दूध पिऊ नये, हेही चरकांनी बजावले आहे.

या कुळाचा तिखटपणा गंधकयुक्त द्रव्यांचा. भाजी चिरली वा चावली की तिच्यातील एक विकर त्या द्रव्यांशी मिळतो आणि झणझणीत रस तयार होतो. शरीरातील अपायकारक पदार्थ निकामी करण्याच्या कामी त्याचे साह्य होते, असे आधुनिक संशोधन सांगते. या भाज्या नित्य खाणाऱ्यांत काही कर्करोग कमी आढळल्याच्याही नोंदी आहेत. पण त्यावरून कोबीला औषध म्हणणे हा अतिरेक होईल. तो विकर उष्णतेने मरतो. यास्तव भाजी चिरून पाऊण तास ठेवावी, मग थोडकी वाफ द्यावी. फोडणीत तडतडलेली मोहरी स्वादापुरती. कोशिंबिरीत फेसून घातलेली मोहरी अधिक गुणकारी. शंभर ग्रॅम कच्च्या कोबीत सुमारे ३५ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते. फार शिजवल्यास ते पाण्यात उतरते, आणि ते पाणी आपण मोरीत ओततो. त्याची आमटी करावी.

थायरॉइडचा विकार असणाऱ्यांनी कच्च्या रसाचा हव्यास धरू नये. शिजवलेली भाजी बेताने खाण्यास सहसा हरकत नसते. रक्त पातळ ठेवणाऱ्या काही औषधांचे कार्य पानांतील 'के' जीवनसत्त्वाने मंदावते, तेव्हा अशी औषधे घेणाऱ्यांनी पालेभाजी एकाएकी वाढवू नये, डॉक्टरांना विचारावे. ज्यांना कोबीने पोट फुगते त्यांनी आले-हिंगाची फोडणी द्यावी. आणि मुळ्याचा पाला गाईपुढे टाकण्यापूर्वी त्यातली कोवळी पाने काढून घ्यावीत. डाळीचे पीठ पेरून केलेली ती भाजी भोगीच्या भाकरीशी उत्तम लागते.