शाळेविना जून

जूनमध्ये गुजरातभर शाळा प्रवेशोत्सवाची धांदल उडते. सुरतेत घरीच शिकणाऱ्या मुलांचं वर्षही तेव्हाच सुरू करता येतं, आणि पहिल्या आठवड्याला तापी पुरेशी आहे!

नकाशा काढायला घ्या. मध्य प्रदेशात मुलताईला उगम, पुढे जळगाव, धुळे, नंदुरबार, मग सुरत आणि समुद्र. सुरतेच्या उधना-लिंबायत भागातल्या खानदेशी मुलांना त्यात आपलं आजोळही सापडतं. काठावरचा सोळाव्या शतकातला किल्ला पाहिला की इतिहासही सुरू.

परीक्षेचं काय? राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) १४ वर्षं पूर्ण झाल्यावर दहावी देता येते. पुढचा विचार मात्र आताच करावा. शाळा सोडून घरीच शिकलेल्या मुंबईच्या मालविका जोशीला इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या बळावर २०१६ मध्ये एमआयटीत प्रवेश मिळाला. बारावी नसल्यानं आयआयटीत मिळाला नव्हता.