बिघडलेला फोटो

आमच्या घरात मरहूम दादीचा एकच फोटो उरला आहे आणि तो बिघडलेला आहे. दादी ओट्यावर सूप घेऊन बसली आहे आणि तिच्या अंगावरून सावित्री नदीवरच्या जुन्या पुलाच्या दगडी कमानी गेल्या आहेत. कुवेतहून सुटीवर आलेल्या अब्बांनी पोलादपूरला जाताना पुलाचा फोटो काढला, फिल्म पुढे सरकवायला विसरले आणि घरी येऊन त्याच चौकोनावर दादीचा फोटो घेतला. रोलमधले बाकीचे अकरा फोटो अल्बमात लागले. हा 'फुकट गेला' म्हणून बाजूला पडला, तो फुफीने पोलादपूरला नेला.

22 जुलै 2021 च्या पुरात महाडमधले आमचे घर पाण्याखाली गेले. अल्बमचा चिखलात लगदा झाला. तो पूल तर त्याआधीच, 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री, गाड्या आणि माणसांसकट वाहून गेला होता. पूर ओसरल्यावर फुफी भांडीकुंडी, चादरी घेऊन आली, आणि त्यातच एका जुन्या पाकिटात हा फोटो. अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा तर माझ्या चुकीचा."

तीच चूक आता आम्ही मुद्दाम करतो. अब्बा, आम्ही दोघे नवरा-बायको, आमची मुलगी आणि फुफीचा नातू असा पाच जणांचा हा शौक आहे. अब्बांचा अ‍ॅग्फा क्लिक थ्री पुरात भिजला होता, पण तो साधा डबाच. धुऊन, वाळवून, भिंग पुसल्यावर खटका पुन्हा चालू झाला. या कॅमेऱ्यात खटक्याचा आणि फिल्म सरकवण्याचा एकमेकांशी संबंध नाही. हवे तितके फोटो एकाच चौकोनावर घ्या, तो अडवत नाही. नंतरच्या बहुतेक कॅमेऱ्यांत फिल्म सरकवल्याशिवाय खटका दाबलाच जात नाही, म्हणजे अब्बांसारख्या विसराळू माणसांची सोय केलेली.

यामागचे गणित साधे आहे. फिल्मवर जिथे भरपूर उजेड पडला ती जागा भरली, तिथे दुसरे चित्र उमटत नाही. जिथे अंधार होता ती जागा रिकामी, दुसरे चित्र तिथेच बसते. दादीचा चेहरा नेमका कमानीखालच्या सावलीत आला म्हणून स्पष्ट आहे. ओट्याचे छप्पर मात्र पुलावरच्या आकाशात विरून गेले. दोन्ही वेळेस नेहमीच्या निम्माच उजेड आत सोडायचा, नाहीतर सगळे पांढरे होते. आमच्या पहिल्या रोलचे तसेच झाले. बारापैकी नऊ फोटोंत नुसते धुके! मुलीने ते 'आंबेनळी घाटातले' म्हणून मैत्रिणींना दाखवले आणि त्यांना ते पटलेही.

उजेडाचा हा स्वभाव फार पूर्वी एका मुसलमान विद्वानाने पारखला होता. बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे काहिरात राहिलेल्या इब्न अल-हैथमने सुमारे हजार वर्षांपूर्वी 'किताब अल-मनाज़िर' लिहिली. एका छिद्रासमोर वेगवेगळ्या जागी अनेक दिवे ठेवले, तर अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर प्रत्येकाचा उजेड वेगळा पडतो; एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका जातो, बाकीचे राहतात. एकाच छिद्रातून जाऊनही उजेड एकमेकांत मिसळत नाहीत, हे त्याने दाखवले. आमच्या मुलीने पावसाळ्यात वीज गेलेली असताना पुठ्ठ्याला भोक पाडून, तीन मेणबत्त्या लावून हे करून पाहिले. घरी जरूर करून पाहा.

फिल्मचा रोल मुंबईहून मागवावा लागतो, धुवायलाही तिकडेच पाठवावा लागतो, म्हणून तो वर्षाकाठी दोनच. एरवी मुले जुन्या डिजिटल कॅमेऱ्यावर हात साफ करतात. अशा अनेक कॅमेऱ्यांत एकावर एक फोटो घेण्याची सोय असते. असरची नमाज झाली की मगरिबपर्यंतचा तिरपा उजेड सगळ्यात चांगला. जांभ्याची भिंत, फणसाची साल, भाताची रोपे हे सगळे माणसाच्या काळ्या आकृतीत सुरेख बसते. फुफीचा हात आणि त्यात पोलादपूरकडची नाचणीची कणसे, हा आतापर्यंतचा आमचा सर्वांत आवडता फोटो.

भांडण एकदाच झाले. फुफीच्या नातवाने मोबाइलवर दादीचा चेहरा कापून नव्या पुलावर चिकटवला. छान जमले होते. अब्बांना मात्र ते आवडले नाही. "दादीने हा पूल पाहिलाच नाही. लोकांना खोटे का दाखवायचे?" मुलगा चिडला, "तुमचाही फोटो खोटाच की!" अब्बा म्हणाले, "माझ्या फोटोत दोन्ही वेळा कॅमेरा तिथे होता."

आम्हाला अब्बांचे म्हणणे पटते. अमेरिकेत 1860 नंतर विल्यम मम्लर नावाचा फोटोग्राफर गिऱ्हाइकाच्या फोटोत त्याच्या मेलेल्या आप्ताची धूसर आकृती उमटवून द्यायचा आणि ते भूत म्हणून भारी पैसे घ्यायचा. यादवी युद्धात मुले गमावलेल्या घरांतून त्याला गिऱ्हाईक मिळे. 1869 मध्ये न्यूयॉर्कला त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला, पण पुराव्याअभावी तो सुटला. युक्ती आमच्यासारखीच असावी. आम्ही तिला युक्ती म्हणतो, तो म्हणत नव्हता. त्या दिवसापासून प्रत्येक फोटोच्या मागे दोन्ही जागा आणि दोन्ही तारखा लिहायच्या असे ठरले. नातवाने मोबाइलमधला फोटो पुसला नाही, पण त्यावर 'जोडलेला' असे लिहिले.

या हिवाळ्यात अब्बांना एकच फोटो हवा होता: नवा पूल आणि फुफी. अडचण अशी की 2017 मध्ये बांधलेल्या या पुलाला कमानी नाहीत, म्हणजे चेहऱ्यासाठी काळोखी जागा कमी. दोन दिवस नदीकाठी बसून अब्बांनी पुलाखालची सावली कधी दाट होते ते पाहिले. खटका दाबल्यावर सावली चौकोनात कुठे आली त्याची खूण कागदावर काढून घेतली. फिल्म न सरकवता आम्ही पोलादपूरला गेलो. फुफीला ओट्यावर बसवून अब्बा तिला "जरा उजवीकडे, अजून जरा" असे सांगत राहिले. शेवटी ती वैतागली, "मला पण पुलाखाली घालणार का रे?"

रोल धुवायला गेला आहे, अजून आलेला नाही. दोन तारखा मात्र पाकिटावर लिहून ठेवल्या आहेत.