कोठीवाले आणि जाळीवाले

लखनौच्या नवाबांनी शिकारीसाठी बांधलेल्या कोठ्यांत सगळ्यात नावाजलेली दिलकुशा. नवाब सआदत अली खान गादीवर असताना, १८०० च्या आसपास, त्याचा इंग्रज स्नेही गोर औसली याने ती बांधून दिली. नमुना घेतला तो थेट इंग्लंडातल्या सीटन डेलाव्हल या वाड्याचा. अवधच्या उन्हात असला वाडा उभा करण्याची हौस कुणाची, नवाबाची की औसलीची, हे देव जाणे. आज तिथे नुसत्या भिंती आहेत. पुरातत्त्व खात्याची पाटी आहे, हिरवळ आहे, सकाळी फिरायला येणारी पेन्शनर मंडळी आहेत. तिच्या आधीची बीबियापूरची कोठी, तीही शिकारीचीच. कोणती कोठी कुणी, कधी, कुणासाठी बांधली याची नोंद पुस्तकात सापडते; कोठीवाल्यांसाठी बटेर धरणाऱ्या जाळीवाल्यांची नाही.

आलमबाग मात्र शिकारीची कोठी नव्हे. नवाब वाजिद अली शाहने आपल्या बेगमेसाठी, आलम आरासाठी, बांधलेला हा चौरस तटाचा बाग-महाल. तरी बटेरांचा मागोवा घ्यायचा तर तो इथूनच घ्यावा असे मला वाटते. कारण शहर इथे संपत असे. कानपूरच्या रस्त्याला लागलेली ही दक्षिणेची वेस. तिच्यापलीकडे ज्वारी-बाजरीची, हरभऱ्याची शेते. आणि बटेर, म्हणजे आपला लावा, हा शेतातला पक्षी आहे. त्याला ना दाट जंगल लागते, ना झाड. गुडघाभर पीक आणि पायाखाली मोकळी माती मिळाली की त्याचे भागते.

पाऊस ओसरला की हा पक्षी येतो. अवधच्या बोलीत त्याचे दोन प्रकार: मोठा तो घागस, धाकटा तो चिनग. चिनग इथलाच, पावसाळ्यात वीण करणारा, नराच्या छातीवर काळा डाग असलेला. घागस पाहुणा. मध्य आशियाकडून डोंगर ओलांडून, रात्रीच्या रात्री उडत, सप्टेंबर-ऑक्टोबरात तो गंगेच्या मैदानात उतरतो आणि मार्च-एप्रिलमध्ये, रब्बी पिकली की, परत फिरतो. शंभर ग्रॅमच्या आसपास वजन, जेमतेम मुठीत मावेल एवढा देह आणि एवढा प्रवास. दमलेले पाखरू पहाटे शेतात उतरते आणि दिवसभर पिकात दडून राहते.

या आगमनाची तयारी कोठ्यांमध्ये नव्हे, झोपड्यांमध्ये होत असे. बहेलिये, चिडीमार, मीरशिकार अशी ही पाखरे धरणारी घराणी. काम सगळ्या घराचे. सुती जाळी उलगडून फाटकी घरे पुन्हा विणायची. बांबूच्या कामट्यांचे पिंजरे नीट करायचे, वरून कापड ताणायचे, कारण घाबरलेला बटेर सरळ वर उसळतो आणि कठीण छतावर डोके फोडून घेतो. गेल्या हंगामापासून जपलेले, हाक देणारे नर राळा-कांगणी घालून तयार ठेवायचे. सगळी भिस्त या पाळीव नरांवर. संध्याकाळी शेताच्या मधोमध उंच बांबूवर त्यांचे पिंजरे टांगायचे. रात्रभर ते तीन ठोक्यांची आपली हाक देत राहतात, आणि वरून चाललेली पाखरे ती ऐकून खाली उतरतात. उजाडायच्या सुमाराला पिकाच्या एका टोकाला जाळे अंथरायचे आणि दुसऱ्या टोकाकडून चार-पाच माणसांनी ओळीने, हळूहळू पुढे सरकायचे. आरडाओरडा नाही, धावपळ नाही. बटेराचा स्वभाव असा की जवळ कुणी आले तर तो आधी पळतो, उडतो ते अगदी पायाशी आल्यावर. माणसे सावकाश चालली तर तोही पिकातून सावकाश पुढे पळत राहतो, तो जाळ्याखाली जाईपर्यंत. घाई केली की सगळा थवा भर्रकन उठतो आणि रात्रीची मेहनत वाया जाते.

पकडलेल्या पाखरांची तिथेच वाटणी होई. माद्या आणि मऊ नर स्वयंपाकघराकडे, चलाख नर बटेरबाजांकडे, म्हणजे बटेरांच्या झुंजी लावणाऱ्यांकडे.

बटेरबाजीबद्दल सगळ्यात भरवशाचा साक्षीदार म्हणजे अब्दुल हलीम शरर. जन्म १८६०, मृत्यू १९२६. बालपण गेले कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जात, जिथे राज्य गेलेला वाजिद अली शाह आपले प्राणिसंग्रहालय आणि आपला दरबार घेऊन राहत होता. ‘दिलगुदाज़’ या आपल्या मासिकात शररने जुन्या लखनौवर लेखमाला लिहिली, तीच पुढे ‘गुज़िश्ता लखनऊ’ या नावाने गाजली. शायरी, पाकक्रिया, पोशाख यांच्याच तोलाने त्याने कोंबडे, तितर आणि बटेर यांच्या झुंजींना जागा दिली आहे. नाक मुरडले नाही, हे त्याचे मोठेपण.

तो सांगतो ती तालीम अशी. नवा बटेर रानटी असतो, आधी ते रान त्याच्यातून काढायचे. त्याला पाण्याने भिजवायचे आणि तासन्‌तास मुठीत धरून बसायचे. पाय बोटांच्या बेचक्यात, डोके अंगठ्याजवळ बाहेर. सैल धरला तर निसटतो, आवळला तर मरतो. मग उपास. मग साखरेचा रेच, पोट साफ व्हावे म्हणून. रात्र झाली की कानाशी तोंड नेऊन ‘कू’ असा आवाज काढायचा, म्हणजे त्याची झोप मोडते, चरबी झडते आणि अंग लाकडासारखे कडक होते. शेवटी चाकूने चोच तासून टोकदार करायची. मग दाणे पसरायचे आणि दोघांना समोरासमोर सोडायचे. अवधचा राजा नासिरुद्दीन हैदर तर ही झुंज समोर मेजावर लावून बघायचा.

आज वाचताना अंगावर काटा येतो आणि तो यावाच. हा पाखराचा छळ होता, त्याला कलेचे नाव दिले म्हणून छळ कमी होत नाही. पण महिनोन्‌महिने ती मूठ नवाब स्वतः वळून बसत असेल असे समजण्याचे कारण नाही. शौक एकाचा, हात दुसऱ्याचा. पुढे इंग्रजांनी अवध खालसा करताना, ७ फेब्रुवारी १८५६ ला, गैरकारभाराचे कारण दिले, आणि पतंग, कबुतरे, बटेर हा त्या गैरकारभाराचा पुरावाच होऊन बसला. प्रेमचंदांच्या ‘शतरंज के खिलाडी’ कथेने आणि सत्यजित रायांच्या १९७७ च्या चित्रपटाने ऐदी लखनौचे हे चित्र आपल्याकडेही पक्के केले.  या ऐदीपणाच्या चित्रात पहाटे दवात भिजत जाळे ओढणारा माणूस कुठेच नाही. तो ऐदी असता तर नवाबाला ऐदीपणा परवडला नसता.

१८५७ च्या उठावात आलमबाग इतिहासात शिरली. जुलैत नानासाहेब पेशव्यांच्या फौजेला हरवून कानपूर घेतलेला इंग्रज सेनापती हॅवलॉक याच रस्त्याने आला. २३ सप्टेंबरला आलमबाग इंग्रजांच्या हाती पडली. २४ नोव्हेंबरला हॅवलॉक दिलकुशात आमांशाने मेला आणि आलमबागेत पुरला गेला. ती कबर अजून आहे. नंतर दुसरा इंग्रज सेनापती औट्रम सुमारे ४,००० माणसांनिशी मार्चपर्यंत या तटाआड ठाण मांडून बसला. तारखा जुळवून पाहिल्या की लक्षात येते, बटेर उतरण्यापासून परतण्यापर्यंतचा आख्खा हंगाम या शेतांमध्ये तोफा चालल्या. त्या साली पलीकडच्या वस्त्यांतून जाळी बाहेर निघाली की नाही, हे कोणत्याही लष्करी डायरीत नाही. लिहिणाऱ्यांना तो प्रश्न पडण्याचे कारणच नव्हते.

नवाबी गेली, हंगाम राहिला. बटेर आता साहेबाच्या बंदुकीपुढे आला. आठ-नऊ नंबरचे बारीक छर्रे, बाराबोअरची दुनळी, हाकाऱ्यांची ओळ आणि दुपारी तंबूत जेवण. तालुकदारांनी आपापल्या इलाख्यातल्या कोठ्या दसऱ्याआधी झाडून-सारवून, चुना देऊन साहेबांसाठी सज्ज ठेवाव्यात हा रिवाज पडला, कारण कलेक्टरची एक दिवसाची शिकार म्हणजे वर्षभराची मेहेरनजर. या काळातला पक्षीज्ञानाचा मोठा ग्रंथ म्हणजे ह्यूम आणि मार्शल यांचा हिंदुस्थानातल्या शिकारीच्या पक्ष्यांवरचा, १८७९ ते १८८१ दरम्यान निघालेला. हा ह्यूम म्हणजे तोच, सत्तावनच्या उठावात इटाव्याचा कलेक्टर असलेला आणि १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेला. अशा ग्रंथांतली माहिती साहेबाने काही रात्रभर शेतात बसून मिळवलेली नव्हे. या पक्ष्यांच्या वाटा आणि वेळा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होत्या त्या पाखरे धरणाऱ्यांना. पुढच्या काळात पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या, पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याच्या कामात बिहारचा मीरशिकार अली हुसेन नावानिशी दिसतो, तो मोठाच अपवाद.

शेवटाकडची वर्षे भराभर सरतात. फाळणीनंतर पंजाबी आणि सिंधी निर्वासित आलमबागेत वसले. चंदरनगर, सिंगारनगर अशा वसाहती शेतांवर उभ्या राहिल्या. १९५२ मध्ये उत्तर प्रदेशात जमीनदारी संपली आणि तालुकदारांच्या कोठ्यांना चुना द्यायला पैसे उरले नाहीत. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्यातही बटेरासारख्या छोट्या शिकारीला परवाना मिळण्याची फट होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने बुजली. जुन्या शहरातल्या नख्खासचा पाखरांचा बाजार तेव्हापासून कायद्याने बंद आहे. प्रत्यक्षात किती बंद आहे हे लखनौकरांना ठाऊक आहे. २०१७ च्या सप्टेंबरात मेट्रो सुरू झाली आणि आलमबाग हे तिचे एक स्टेशन झाले.

दरम्यान बटेर ताटात परत आला, वेगळ्या वाटेने. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातून जपानी लावे बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणले गेले. तिथल्या पक्षी संशोधकांनी त्यांचे वाण वाढवले. सतरा-अठरा दिवसांत अंडे फुटते, पाच आठवड्यांत पाखरू विकायला तयार, मादी दीड-पावणेदोन महिन्यांत अंड्यावर येते. जंगली भाऊबंदाशी असलेल्या नात्यामुळे २०११ मध्ये केंद्राने याच्याही नव्या पालनावर बंदी घातली. पुढे दोन-तीन वर्षांत ती चूक सुधारली आणि जपानी लावा कायद्याच्या यादीबाहेर काढला गेला. हॉटेलात मिळतो तो हा. याला हंगाम नाही आणि याच्यासाठी रात्र जागवावी लागत नाही.

ज्यांनी रात्री जागवल्या त्यांचे काय झाले, हे समजायला लखनौला जावे लागत नाही. आपला फासेपारधी घ्या. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे, शिकवलेल्या गाय-बैलाच्या आडोशाने तितर-लाव्यांच्या जवळ जाण्याची युक्ती, हे सगळे त्याच तोडीचे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची परंपरा त्याच्याही माथी आली, रोजची हजेरी लागली. कोल्हापुरात शिकारखाना बाळगणाऱ्या, चित्त्यांकरवी काळवीट धरवणाऱ्या शाहू महाराजांनीच १९१८ मध्ये ही हजेरी बंद केली आणि पारध्यांना पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या. कोठीवाल्याने जाळीवाल्याची किंमत ओळखली, असे हे क्वचित सापडणारे उदाहरण. देशाने तो कायदा रद्द केला १९५२ मध्ये. मारुती चितमपल्लींनी आदिवासींकडून आणि पारध्यांकडून ऐकलेली पाखरांची माहिती आयुष्यभर टिपून ठेवली. अकोला-वाशिम भागात ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांनाच बरोबर घेऊन तणमोराची माळराने राखते आहे. कोणता पक्षी कुठल्या गवतात, कधी उतरतो हे ज्याला बापाकडून कळले आहे, त्याच्या हाती राखण देणे यात उपकार नाही, साधा हिशेब आहे. अवधच्या बहेलियांच्या वाट्याला असे काही आल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्यांच्या वाट्याला पोलिसी धाडीची बातमी येते: इतके पिंजरे जप्त, इतकी पाखरे सोडली, दोघांना अटक. गिऱ्हाईक त्या बातमीत कधीच नसते.

तेव्हा दिवाळीच्या आगेमागे हमरस्त्यावर कुणी टोपलीत लावे किंवा तितर घेऊन उभा दिसला तर घेऊ नका. रानातला पक्षी विकत घेणे हाही गुन्हा आहे, पकडला मात्र विकणाराच जातो. आणि तुमच्या तालुक्यात माळरान राखण्याचे काही काम निघत असेल, तर त्या टोपलीवाल्याला तिथे पगारावर घ्या, असे वनखात्याला लिहून कळवा.