मैदानावरची राणी कोण ठरवणार?

डिसेंबर उजाडला की आपल्या शाळांत स्नेहसंमेलनाची धामधूम सुरू होते. मुली नाचाची तालीम करतात, आया शेजारणीकडून नऊवारी मागून आणतात, ड्रेसच्या भाड्याचे पैसे कुठून काढायचे या विवंचनेत वडील असतात. आणि दरवर्षी एखादी मुलगी डोळे पुसत घरी येते, "बाईंनी मला घेतलंच नाही." आपण म्हणतो, "जाऊ दे गं, नाचाचं काय एवढं? अभ्यास कर." आम्हीही आमच्या मुलीला एकदा असेच म्हणालो होतो. पण अमेरिकेतील एका लहान गावच्या शाळेची हकिकत वाचली आणि तेव्हापासून तसे म्हणवत नाही. ती हकिकत वाचकांना सांगावीशी वाटते.

अमेरिकेतील हायस्कुलांत 'होमकमिंग' नावाचा उत्सव असतो. होमकमिंग म्हणजे घरी परतणे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, फुटबॉलच्या हंगामात, जुने विद्यार्थी आपल्या शाळेत परत येतात. तिकडचा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ. आठवडाभर मुले शाळेच्या रंगाचे कपडे घालतात. गावातून मिरवणूक निघते, सजवलेल्या गाड्या असतात, पुढे शाळेचा बँड. सामन्याच्या वेळी चीअरलीडर मुली मैदानाच्या कडेला उभ्या राहून घोषणा देतात आणि सारे प्रेक्षक त्यांच्यामागून ओरडतात. मध्यंतरात एका मुलीला 'होमकमिंगची राणी' म्हणून मुकुट घालतात. शाळेबद्दलचा हा जो अभिमान, त्याला तिकडे 'स्कूल स्पिरिट' म्हणतात. "ही माझी शाळा" असे मुलाला वाटावे, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच आहे.

टेक्सास राज्याच्या दक्षिणेला क्रिस्टल सिटी नावाचे गाव आहे. पालकाच्या भाजीसाठी प्रसिद्ध. पालक खाऊन बलवान होणाऱ्या पॉपॉय या चित्रपात्राचा पुतळा तिथे १९३७ सालीच उभारला गेला. हा पालक खुडणारे हात मात्र मेक्सिकन वंशाच्या मजुरांचे. हंगाम संपला की ही कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन उत्तरेकडच्या राज्यांत बीटच्या शेतांवर कामाला जात. मुलांची शाळा बुडे. शाळेत आपल्या स्पॅनिश भाषेत बोलले तर शिक्षा होई.

१९६९ साली या गावच्या शाळेत शंभरातील ऐंशीहून अधिक मुले मेक्सिकन होती. तरीही चार चीअरलीडरपैकी तीन गोऱ्या आणि मेक्सिकन एकच, असा अलिखित रिवाज होता. निवड मुले करीत नसत, शिक्षक करीत. त्या वर्षी डायना पालासिओस ही मुलगी निवडीला उभी राहिली. ती चांगली होती, पण मेक्सिकन मुलीची एक जागा आधीच भरली होती म्हणून तिला डावलले. मुलांनी तक्रार केली. तीन गोऱ्या व तीन मेक्सिकन अशी तडजोड निघाली, पण पुढे शाळा मंडळाने तीही मोडून काढली.

त्यात राणीच्या निवडीचा नियम आला. माजी विद्यार्थी संघाने ठरवले की, जिची आई किंवा वडील याच हायस्कुलातून पास झाले असतील तीच मुलगी राणी होऊ शकेल. नियमात कुठेही जातीचा, रंगाचा उल्लेख नाही. पण ज्यांचे आईबाप शेतावर राबले, त्यांच्या मुली आपोआप बाद! वाचकहो, आमच्या पिढीतील किती जणांचे आईवडील मॅट्रिक झाले होते, हे आठवून पाहा. म्हणजे या नियमाची मेख कळेल.

सेवेरिटा लारा ही विद्यार्थिनी पुढे आली. तिने पत्रके वाटली, म्हणून काही दिवस तिला शाळेत येण्यास बंदी झाली. गावाचाच एक माजी विद्यार्थी, होसे अँजेल गुतिएर्रेझ, उच्च शिक्षण घेऊन त्याच वर्षी पत्नीसह गावी परतला होता. खरे होमकमिंग त्याचे! त्याने मुलांना व पालकांना संघटित केले. ९ डिसेंबर १९६९ रोजी मुले वर्गाबाहेर पडली. सुरुवातीला शेकडो होती, पुढे लहान वर्गांतील मुलेही आली आणि संख्या हजारावर गेली. आईबाप मोर्चात सामील झाले. सुटीत बाहेरून आलेल्या शिक्षकांनी मुलांना फुकट शिकवले, अभ्यास बुडू दिला नाही. तीन विद्यार्थी राजधानी वॉशिंग्टनला जाऊन एडवर्ड केनेडी यांच्यासारख्या सिनेटरांना भेटून आले.

आम्ही पडलो कारकून, म्हणून एक हिशेबाची गोष्ट आम्हाला विशेष वाटली. तिकडे शाळेचे अनुदान रोजच्या हजेरीवर मिळते. मुले बाहेर राहिली की शाळेचे पैसे कापले जातात. अर्ज-विनंत्या मंडळाच्या कानावर पडल्या नाहीत, पण तिजोरीचा आवाज पडला. जानेवारी १९७० मध्ये केंद्र सरकारच्या मध्यस्थांसमोर मंडळाने बहुतेक मागण्या मान्य केल्या. मागण्या केवळ राणीच्या नव्हत्या. आपल्या भाषेत बोलण्याची मुभा, दोन्ही भाषांतून शिक्षण, आपल्यातील शिक्षक, आपला इतिहास, हे सारे त्यांत होते.

तिथेच ते थांबले नाहीत. त्याच जानेवारीत 'ला रासा उनिदा' हा पक्ष निघाला. एप्रिलमध्ये शाळा मंडळाची निवडणूक झाली, त्यांची माणसे निवडून आली आणि गुतिएर्रेझ मंडळाचे अध्यक्ष झाले. सारे गोड झाले असे नाही. अनेक गोऱ्या कुटुंबांनी मुले काढून घेतली, पक्षही पुढे फार वर्षे टिकला नाही. पण सेवेरिटा लारा पुढे त्याच गावच्या महापौर झाल्या.

बंधू-भगिनींनो, सुरुवात कुठून झाली ते ध्यानात घ्या. "घोषणा देणाऱ्या मुलीचं काय एवढं?" असे आईबाप म्हणाले असते तर पुढचे काहीच घडले नसते. मुलगी रडत आली तर आधी विचारावे, निवड कोणी केली? नियम कोणता? तो कोणाला सोयीचा आहे? कधी मुलीची तयारीच कमी पडलेली असेल, तर तेही तिला सांगावे. पण विचारल्याशिवाय कळणार कसे?

आणि विचारायला जागा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. आपल्या वस्तीतील किती आया त्या समितीवर आहेत? पालकसभेची चिठ्ठी आली की "साहेब सुटी देत नाही" म्हणून आपण घरीच राहतो. आम्हीही राहिलो आहोत. यंदा अर्ध्या दिवसाची रजा टाकू या आणि सभेला जाऊन बसू या. पोरगी सांगेल, "माझे बाबा शाळेत आले होते." शाळा आपली वाटायला तिला तेवढेही पुरते.