सांधेदुखीवर अल्पमात्रेतील किरणोपचार

किरणोपचार हा शब्द कानी पडताच आपल्या मनात कर्करोगाची शंका येते. त्यामुळे टाचदुखीने त्रासलेल्या माणसाला डॉक्टर किरणोपचार विभागाकडे पाठवतात, हे ऐकून कोणीही दचकेल. जर्मनीत मात्र ही नित्याची बाब आहे. टाचेच्या तळव्याकडील वेदना, गुडघ्यांची वा बोटांच्या सांध्यांची झीज, खांद्याचे आणि कोपराचे चिवट दुखणे यांसाठी तेथील हजारो रुग्ण दरवर्षी हे उपचार घेतात.

विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला तो जर्मनीतीलच व्युर्झबुर्ग येथे, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. त्यानंतर काही वर्षांतच दुखऱ्या सांध्यांवर या किरणांचे प्रयोग सुरू झाले.

सारा प्रश्न मात्रेचा आहे. किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. कर्करोगाच्या गाठीला साधारणतः ५० ते ७० ग्रे देतात, कारण तेथे पेशी मारायच्या असतात. सांधेदुखीत एका वेळी अर्धा ते एक ग्रे, आठवड्यातून दोन-तीन वेळा, असे सहा वेळा मिळून केवळ ३ ते ६ ग्रे देतात. एवढ्या मात्रेने पेशी मरत नाहीत. दाह पेटवणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला कमी चिकटतात आणि दाहकारक द्रव्यांचा स्राव मंदावतो. आपल्याकडे बोलीत या उपचारांना 'शेक' म्हणतात खरे, परंतु रुग्णाला ऊब मुळीच जाणवत नाही. झिजलेली कूर्चाही पुन्हा भरून येत नाही.

मग धोका? त्याचा इतिहास विसरून चालणार नाही. ब्रिटनमध्ये १९३५ ते १९५४ या काळात मणका आखडणाऱ्या संधिवाताच्या सुमारे चौदा हजार रुग्णांना किरणोपचार देण्यात आले होते. त्यांच्यात रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे कोर्ट ब्राऊन आणि रिचर्ड डॉल यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले. ती मात्रा आजच्याहून पुष्कळ मोठी होती आणि अस्थिमज्जेने भरलेल्या कण्यावर दिली जाई. आज टाचेवर वा गुडघ्यावर दिल्या जाणाऱ्या मात्रेचा धोका फारच अल्प मानतात. तो शून्य नव्हे. म्हणूनच गरोदर स्त्रियांना हे उपचार देत नाहीत आणि तरुणांच्या बाबतीत डॉक्टर हात आखडता घेतात. सत्तरीच्या रुग्णाचा हिशेब वेगळा: वेदनाशामक गोळ्यांनी त्याच्या मूत्रपिंडांना आणि जठराला होणारी इजा अधिक जवळची असते.

गुण किती येतो, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. टाचदुखीबाबत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत ६ ग्रे मात्रा ही तिच्या दहाव्या हिश्शापेक्षा स्पष्टपणे सरस ठरली. याउलट २०१८ च्या डच चाचण्यांत गुडघे आणि हात यांच्या झिजेवर खरे किरण आणि लुटुपुटीचे किरण यांत म्हणावा तसा फरक आढळला नाही. २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील ११४ रुग्णांच्या चाचणीने पारडे पुन्हा फिरवले: चार महिन्यांनी ३ ग्रे घेतलेल्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांना आराम होता, लुटुपुटीच्या गटात ४२ टक्क्यांना. हा दुसरा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. उपचार मिळाल्याच्या विश्वासानेही पुष्कळांचे दुखणे हलके होते. टाचदुखीचा पुरावा मला झिजलेल्या गुडघ्यांपेक्षा भक्कम वाटतो.

व्यायाम, वजन उतरवणे, योग्य पादत्राणे आणि औषधे यांनी काम भागले नाही, तरच डॉक्टरांकडे हा विषय काढावा. शेवटच्या दिवशी गुण दिसला नाही, म्हणून निराश होण्याचे कारण नाही. आराम पडण्यास कित्येक आठवडे, क्वचित तीन महिनेही लागतात. त्यानंतरच दुसरी फेरी द्यायची की नाही, ते ठरवतात.