परसातली अबोली

कोकणातल्या परसात विहिरीकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेने जी अबोली उभी असते, ती पुष्कळदा कोणी लावलेलीच नसते. कारण आपल्या विस्ताराचा सारा बंदोबस्त हे हात-दोन हात उंचीचे झुडूप स्वतःच करून ठेवते.

तो पाहावयाचा तर वळवाची पहिली सर येऊन जाताच तिच्यापाशी बसावे. हिरव्या छदांच्या तुऱ्यात फुले तळाकडून शेंड्याकडे उमलत जातात, आणि गळलेल्या फुलांच्या जागी छदांआड बोंडे धरून वाळतात. या वाळल्या बोंडांना पाणी लागले, की त्यांची शकले ताडकन विलग होतात आणि आतील चार बिया, ज्यांच्या बुडाशी निसर्गाने आकड्यासारखा ताठर आधार योजिला आहे, त्या दूरवर फेकल्या जातात. ओल लागताच बियांवरील खवले बुळबुळीत होऊन त्या मातीला चिकटतात. जमीन भिजल्याची खात्री पटल्यावाचून हे झाड बी हातचे सोडीत नाही, ही तजवीज मला तिच्या रंगाहूनही विलक्षण वाटते.

ज्यास गजऱ्यासाठी फुले हवीत, त्याचा स्वार्थ मात्र नेमका याच्या उलट आहे. सुकलेले तुरे देठापासून खुडीत राहिले, तर बी पोसण्यात खर्ची पडणारे बळ नव्या तुऱ्यांकडे वळते. म्हणून अबोलीची खरी मशागत खताच्या टोपलीपेक्षा रोजच्या हातानेच अधिक होते. फूल नळीपासून अलगद ओढून घ्यावे, तुरा दुखवू नये. गंध नसूनही गोव्याच्या बाजारात तिच्या फाती, म्हणजे गुंफलेल्या माळा, मानाने विकल्या जातात, कारण माळल्यावरही ती लवकर कोमेजत नाही.

अर्धवट सावली तिला मानवते. पाणी तुंबलेली जमीन मात्र मुळीच सोसत नाही, म्हणून आगोटीपूर्वी वाफ्याला उतार देण्याची खबरदारी घ्यावी. पाणी असूनही पाने पिवळी पडू लागली, तर एखादे रोप उपटून मुळे पाहावीत; त्यांवर गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमींचा उपद्रव होय, आणि मग त्या वाफ्यात एक हंगाम झेंडू घेणे हिताचे.

अलीकडे बागांतून दिसणाऱ्या ‘दिल्ली’ अबोलीत गुणसूत्रांचे तीन संच असल्याने तिला बी धरत नाही. ती फांद्या लावूनच वाढवावी लागते. फुलांच्या विक्रीसाठी ती खुशाल लावावी. पण परसात मी गावठी अबोलीच ठेवीन, आणि तिचे चार तुरे पावसासाठी न खुडता राखीन.